शिपाईबाबाची जागा

रात्रीच्या पावसाने बगिच्यात पुन्हा संत्री गळली होती. लिंबाएवढी हिरवी फळं चिखलात रुतून पडली होती. मालती टोपलं घेऊन ती वेचत होती, कारण गळलेलं फळ झाडाखाली सडू दिलं की किडीला घर मिळतं. तिचा नवरा राजू पुढच्या ओळीत साचलेलं पाणी काढून द्यायला चर खोदत होता. चिखल इतका चिकट की प्रत्येक वेळी फावडं पायाने खरवडावं लागत होतं.

राजूची आई कलाबाई दोघांना ओलांडून बगिच्याच्या टोकाला गेली. तिथे बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेला एक तुकडा होता, बैलगाडी उभी राहील एवढा. आत झाड नव्हतं, पीक नव्हतं. मधोमध शेंदूर लावलेला एक काळा धोंडा. कलाबाईने इळा कुंपणाबाहेर ठेवला, खिळे मारलेली चप्पल काढली, आत जाऊन बसली आणि हाताने गवत उपटू लागली. गवताबरोबर निघालेली माती ती झटकत नसे. हळूच पुन्हा जागेवर दाबत असे.

ही शिपाईबाबाची जागा. तिगाव स्टेशनकडच्या वाटेवर ती सगळ्यांना माहीत होती. बाबाला लोखंड चालत नाही. विस्तव चालत नाही, बिडीसुद्धा नाही. आणि बाबाला तहान फार, म्हणून उन्हाळ्यात रोज संध्याकाळी घागरीने पाणी घालावं लागतं. हे नियम कलाबाईनेच लोकांना सांगितले होते, सासरे पुंडलिकराव वारले त्या वर्षापासून. आधी लोक हसले. मग कोणाची हरवलेली म्हैस सापडली, कोणाच्या सुनेला दिवस गेले, आणि पोळ्याला बाया नारळ घेऊन यायला लागल्या. नारळही तिथे फोडायचा नाही. दाखवायचा आणि घरी नेऊन फोडायचा.

धुऱ्यावर, म्हणजे बगिच्याच्या बांधावर, मोटरसायकल थांबली. मनोहर उतरला. तो मागे सरपंच होता, आता गावात जी समिती निघेल तिचा अध्यक्ष असतो. चिखलात बूट खराब होऊ नयेत म्हणून तो धुऱ्यावरच उभा राहिला.

"राजूभाऊ, फावडं ठेवा बाजूले. तुमचं नशीब उघडून राहिलं न तुमी चिखल उपसून राहिले."

"काय झालं?"

"आपला पांढुर्णा जिल्हा झाला का नाई? मंग नव्या जिल्ह्याले आपला एक क्रांतिवीर पायजे का नाई? समितीनं बसून ठरवलं. पुंडलिकराव."

राजूने कपाळाचा घाम मनगटाने पुसला. चिखल कपाळाला लागला. "आमचा आजा?"

"मंग काय माहा? लढाईच्या टायमाले गोऱ्या साहेबाविरुद्ध बंड केलं त्या पलटणीनं. त्यातले होते ना ते? साहेबाले लाथ मारून पलटण सोडून आले. हे लहान काम हाय का?"

मालती वेचायची थांबली. राजूने फावडं चरात रोवून ठेवलं. आजवर गावात या घराचं नाव पळपुट्याचं घर. दुसऱ्या महायुद्धाची लढाई सोडून रातोरात पळून आलेला शिपाई म्हणून पुंडलिकरावांना ना पेन्शन मिळाली ना पंचायतीपुढच्या सैनिकांच्या दगडावर नाव. राजू शाळेत असताना झेंड्याच्या दिवशी लाडू वाटणारा म्हणाला होता, "याले दोन द्या रे, पळाले ताकद लागते." पोरं हसली होती. त्यातली काही पोरं आता म्हातारी व्हायला आली, तरी कधीमधी तो लाडू काढत.

"चबुतरा बांधू," मनोहर सांगत होता. "त्याच्यावर बंदूक घेतलेला शिपाई. खाली नाव. छातीएवढा पायवा खोदाचा, सळाखी टाकाच्या, का शंभर वर्षं हालला नाई पायजे. आन जागा कोणती, तं बाबाचीच. लोकायची श्रद्धा तिथंच हाय."

कलाबाई कुंपणातून उठली. "तिथं खोदाचं नाई."

"काहून काकू?"

"बाबाले लोखंड चालत नाई."

मनोहर हसला. "पयला घाव चांदीच्या फावड्यानं मारू. मंग तं चालन? तुमचाच सासरा हाय ना थो? आपल्याच पुतळ्यावर रागावन का?"

"मनोहर, दुसरी जागा घे. घरापुढची घे. माही चूल काढून तिथं बांध."

"माय," राजू म्हणाला, "तू गवत काढ."

हे तो हळूच म्हणाला. पण मनोहरने ऐकलं आणि मोटरसायकल चालू केली.

संध्याकाळी चुलीवर भाकर होती. राजू जेवायला बसला होता आणि मालती वाढत होती. कलाबाई तव्यावरची भाकर उलटायची विसरली. करपल्याचा वास आला तेव्हा तिने ती काढून बाजूला ठेवली.

"राजू, तिथं बाबा नाई," ती म्हणाली. "बम हाय."

राजूने घास हातात धरला. "काय हाय?"

"हातानं फेकाचे बम. पेटीभर. मामाजीनं पुरले."

मामाजी म्हणजे पुंडलिकराव. नवी नवरी असताना कलाबाई त्या मोकळ्या तुकड्यात मिरच्या लावायला कुदळ घेऊन गेली होती. म्हातारा बगिच्याच्या दुसऱ्या टोकाकडून पळत आला, तिच्या हातची कुदळ हिसकली आणि तिथेच थरथरत बसला. बरंच बसून मग त्याने तिला सांगितलं. तिने ते नवऱ्याशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं, आणि नवराही जाऊन वर्षं झाली होती.

"वर कोठं छावणी होती," कलाबाई सांगू लागली. "लढाई चालू. वैशाखाचं ऊन. आपल्या लोकायले बमाच्या पेट्या मालगाडीत भराले लावलं. विहिरीवर पहारा. पाणी गोऱ्यायले न खेचरायले, उरलं तं यायले. एक जण पेटी खांद्यावर घेऊन पडला, थो उठलाच नाई. मंग बाकीचे खाली बसले. शिवी नाई देल्ली, हात नाई उचलला. नुसते बसले. म्हणे पाणी द्या, मंग उठतो. साहेब म्हणे उठा, नाईतं गोळी घालतो. कोणी उठलं नाई."

"आन आजा?"

"मामाजी कोठारावर पहाऱ्याले होते. त्यायले वाटलं हे मरतीन. म्हणून एक पेटी उचलली, साहेबाले दाखवाले, का आमच्यापाशी बी हाय. घेऊन येतच होते तं गोळ्या सुटल्या. बसलेल्यायवर."

मालती पदर तोंडाला लावून उभी होती.

"जे वाचले त्यायले बांधलं. आता थे पेटी तिथं सापडली असती, तं साहेब म्हणला असता का हे पाण्यासाठी नाई, मुडदे पाडासाठी बसले होते. सगळ्यायले फाशी. म्हणून मामाजी पेटी घेऊनच पळाले. मालगाडीत लपले, तिगावापाशी गाडी हळू झाली तिथं उतरले. नदीत टाकाव तं आपली जाम नदी उन्हाळ्यात आटते, पोरं डबक्यात मासोळ्या धरतात. तं इथं पुरली. त्या लोकायले कैद झाली, फाशी नाई झाली. हत्यार नव्हतं ना कोणापाशी. पन सांगाव कसं? सांगतलं का गेले सगळे. तं मामाजी पळपुटेच राहिले."

"थांब," राजू म्हणाला. "मंग थो बाबा?"

"मामाजी होते तोवर तेच जागेची राखण करत. ते गेले न पोरं काटे सरकवून चेंडू घ्याले जात होते तिथं. बम म्हटलं असतं तं पोलीस आले असते, तुह्या बापाले नेलं असतं. बाबा म्हटलं, तं कोणी गेलं नाई. न उन्हानं तापून फुटू नाई म्हणून पाणी."

"म्हणजे चाळीस वर्षं सगळ्या गावाले झूठ सांगतलं."

"हो."

"मंग आता हे खरं कशावरून? तुले चबुतरा नाई पायजे म्हणून आज बम निघाला. उद्या वाघ निघन."

"राजू..."

"आयुष्यात पयल्यांदा कोणी म्हटलं का तुहा आजा मोठा माणूस होता. त्यात तू म्हणते बम चोरून पळाला." त्याने हातातला घास ताटात टाकला. "लोक बरोबरच म्हणत होते मंग."

तो हात धुवायला बाहेर गेला आणि परत जेवायला आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून पावसाने उघाड दिली. ऊन असं पडलं की ओल्या बगिच्यातून वाफ निघू लागली. ट्रॅक्टरने विटा आणल्या, रेती आणली. चाक चिखलात फसलं, तेव्हा राजूनेच खांदा लावून ते काढलं. मनोहरच्या माणसांनी सळाखी बाभळीच्या कुंपणाला टेकवून ठेवल्या. ती माणसं गेल्यावर कलाबाईने एकेक सळाख उचलून धुऱ्यापर्यंत ओढत नेली. संध्याकाळपर्यंत तिच्या तळहाताची साल निघाली. सकाळी सळाखी पुन्हा कुंपणालाच टेकलेल्या होत्या.

ती दिवसभर तिथेच बसे. ऊन चढलं की विहिरीवरून घागर आणून जमिनीवर ओती.

"बापा, म्हातारी पावसाळ्यात पाणी घालून राहिली," रेतीवाला म्हणाला. "बाबाले डायबेटिस झाला का काय?"

राजूही हसला. मग आईकडे पाहून त्याने मान फिरवली.

मालतीने विहिरीवर हळूच विचारलं, "आत्याबाई, ठाण्यात सांगू का? माह्या मोबाईलवरून लावतो."

"बम कोणाच्या वावरात हाय?"

मालतीने बगिच्याकडे पाहिलं.

"राजूच्या. कोणाले विचारतीन, का एवढे वर्षं काहून ठेवले? मेलेल्याले विचारतीन का?" कलाबाईने घागर काखेत घेतली. "थो थांबला तं कोणालेच काही सांगा लागत नाई. थांबवतो मी त्याले."

खोदायला सावरगावची टोळी येणार होती. तिचा मुकादम श्रावण दर वर्षी या बगिच्यात संत्री तोडायला येई, आणि कलाबाईच्या हातची भाकर खाई. तो जागा बघायला आला तेव्हा कलाबाईने त्याला सगळं सांगितलं. श्रावणने ऐकताना धोंड्याकडे पाहिलं, मग कलाबाईच्या सोललेल्या तळहाताकडे.

"काकू, बाबा असो का बम असो," तो म्हणाला, "दोघंबी रागीटच. पन मनोहरभाऊचं काम नाई म्हटलं तं या भागात आमाले कोण लावते?"

"मंग खोदशीन?"

श्रावणने बिडी काढली, कुठे उभा आहे ते आठवलं आणि परत खिशात ठेवली.

पायव्याच्या दिवशी सकाळीच माणसं जमली. बाया नारळ घेऊन आल्या. राजूने नवा पांढरा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा तशाच होत्या. मनोहरच्या माणसांनी काठ्यांनी बाभळीचे काटे ओढून काढले आणि एवढ्या वर्षांनी ती जागा एकदम उघडी पडली. आत धोंड्याला टेकून कलाबाई बसली होती.

"काकू, उठा आता," मनोहर म्हणाला. "फोटो काढाचा हाय."

"नाई उठत."

मनोहरने तिच्या बाजूने वळसा घालून चंदेरी कागद गुंडाळलेलं फावडं कोपऱ्यातल्या मातीला नुसतं टेकवलं. फोटो निघाला. मग तो श्रावणच्या टोळीकडे वळला. "चला, मारा."

श्रावणच्या खांद्यावर टिकास होतं. तो कलाबाईकडे पाहत राहिला. "भाऊ, म्हातारी काय म्हणते थे आधी तपासा ना. ठाण्यातून कोणाले बोलवा. मशीन लावून पाहतीन."

"बोलवू न काय सांगू? उद्घाटनाले मंत्री येणार हायत, न तिथं बम हाय? कार्यक्रम झाला मंग! तुले काम कराचं हाय का नाई?"

श्रावणने टिकास खांद्यावरून उतरवलं. ते आपटलं नाही. दोन्ही हातांनी जमिनीवर ठेवलं, झोपलेल्या पोराला ठेवावं तसं. मग तो जाऊन संत्र्याच्या झाडाखाली बसला. मागच्याने फावडं ठेवलं. त्याच्या मागच्याने घमेलं ठेवलं. सगळी टोळी झाडांखाली ओळीने जाऊन बसली.

"उठा बे!" मनोहर ओरडला. "उठा म्हणून राहिलो. या हंगामात कोणता बगिचा तुमाले लावते, पाहतोच मी."

कोणी उठलं नाही. एकाने गवताची काडी तोडून दातात धरली.

कलाबाईने त्या ओळीकडे पाहिलं. असंच बसले असतील.

माणसं कुजबुजू लागली. मनोहरच्या मानेवर घाम आला होता. तो राजूकडे वळला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "राजूभाऊ, आमी तुमच्या घराचं नाव पुसून राहिलो, न तुमचेच मजूर आमाले असे करतात. भेत असान तं तसं सांगा. लोकायले काही नवीन नाई."

राजूने नवा शर्ट काढला. घडी करून विटांवर ठेवला. विटांना टेकवलेली सब्बल उचलली. माणसाच्या छातीपर्यंत येणारी जड सळई, खाली टोक.

"माय, ऊठ."

"मले मारून मार तिथं."

त्याने सब्बल जमिनीवर ठेवली, वाकला आणि आईला उचललं. ती एवढी हलकी असेल असं त्याला वाटलं नव्हतं. तिने त्याच्या पाठीवर मुठी मारल्या, मग मारायचं सोडलं. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत सरकलं होतं. बायांनी नजर वळवली. त्याने तिला झाडापाशी मालतीच्या हातात दिलं, आणि मालतीनेही त्याच्याकडे पाहिलं नाही.

धोंडा त्याने पायाने ढकलून बाजूला लोटला. सब्बल दोन्ही हातांनी उचलून मारली.

एवढ्या वर्षांच्या पाण्याने माती लोण्यासारखी झाली होती. त्याला वाटलं त्यापेक्षा सब्बल खोल गेली. त्याने ती उपसली, पुन्हा मारली. आणखी खोल गेली.

तिसऱ्या घावाला आवाज झाला. दगडाचा नव्हता. पत्रा फाटल्याचा होता.

राजूने सब्बल ओढून पाहिली. ती अडकली होती. थोडी हलवली, तेव्हा खालून करकर झाली आणि आत काहीतरी गोल, जड, सरकून सब्बलीला येऊन टेकलं. ते त्याला हातात कळलं, जसं मासोळी गळाला लागल्याचं कळतं. भोकातून तांबडं पाणी वर आलं.

"राजू," झाडाखालून कलाबाई म्हणाली. ती ओरडली नाही. "हालवू नको. सोडू बी नको."

राजूने सब्बल होती तिथेच धरली.

"धोंडा असन," मनोहर म्हणाला. पण हे म्हणताना तो मागे सरकत होता. मग तो वळला, आणि तो वळला तसे सगळेच पळाले. नारळ चिखलात पडले. फोटो काढणारा संत्र्याच्या फांदीला दिलेल्या टेकूच्या बांबूला अडखळून पडला आणि हातापायांवर चालत गेला. वाटेवर मोटरसायकली चालू झाल्याचे आवाज आले.

"मालती, ठाण्यात फोन लाव," कलाबाई म्हणाली. "लांब जाऊन लाव. सांग बम हाय, लढाईच्या टायमाचा. सांग माह्या पोराच्या हातात हाय."

"आत्याबाई, तुमी?"

"तू जाय. मागं पाहू नको."

मालती पळाली. कलाबाईने चप्पल काढली, ती सवयच होती, आणि चालत आत गेली. पाऊल टेकताना आधी बोटं टेकवत होती. राजूसमोर उभी राहून तिने त्याच्या हातांखाली सब्बलीवर आपले हात ठेवले. सोललेल्या तळहातांना लोखंड झोंबलं.

"माय, तू जाय."

"गप उभा राय. माह्याकडं पाय, खाली पाहू नको."

ऊन डोक्यावर आलं होतं. राजूचे दंड थरथरू लागले. सब्बल खाली जायला बघत होती, मऊ मातीत तिला आधार नव्हता, आणि वर ओढावी तर आत टेकलेलं ते सरकेल. दोघांनी तिला तोलून धरली. राजूच्या डोळ्यांत घाम गेला, पण पुसायला हात नव्हता. कलाबाईने मान पुढे करून आपल्या डोक्याच्या पदराने त्याचं कपाळ टिपलं.

"खरंच होतं," तो म्हणाला.

तिने सब्बलीवरची पकड घट्ट केली.

"माय, मंग त्यायले पाणी भेटलं का? बसलेल्यायले?"

"मी विचारलं होतं मामाजीले. त्यायनं नाई सांगतलं."

राजूच्या ओठांवर पांढरं आलं होतं. त्याने जीभ फिरवली, जीभही कोरडी होती. दूर वाटेवर माणसांची गर्दी होती, पण बगिच्यात कोणाचं पाऊल वाजत नव्हतं. गळलेल्या संत्र्यांवर माश्या घोंगावत होत्या.

मग विहिरीची घिरणी वाजली.

कलाबाईने मान न वळवता डोळे फिरवले. श्रावण पाणी काढत होता. टोळी पळाली होती, पण धुऱ्यापलीकडे जाऊन थांबली होती, आणि आता एकेक जण विहिरीकडे परतत होता. बादली काढली, घागरी भरल्या. वाटेवरून मनोहरचा आवाज आला, "श्रावण, जाऊ नको बे! ऐकू येते का? मी सांगून राहिलो ना, कोणी आत जाचं नाई!"

श्रावणने वर पाहिलं नाही. त्याने पायातल्या चपला काढल्या, कमरेचा चाकू काढून झाडाच्या फांदीत खोचला आणि घागर खांद्यावर घेतली. त्याच्या मागे दुसरा आला, मग तिसरा. संत्र्याच्या ओळीतून ते अनवाणी येत होते, हळू, पाणी न सांडता.

"काकू, कुठं ओतू?"

"आधी याच्या तोंडात."

श्रावणने घागर तिरपी केली. राजू मान वर करून प्यायला. पाणी हनुवटीवरून छातीवर सांडलं, छातीवरून सब्बलीवर. मग श्रावण गुडघे टेकून बसला आणि तापलेल्या मातीवर धार सोडू लागला. बारीक धार, जशी कलाबाई सोडत असे. माती पाणी पीत होती.

तेवढ्यात तिगावाकडून मालगाडीची शिटी झाली.

श्रावणचा हात थांबला. मागे घागरी घेऊन उभे असलेले थांबले. पण कोणी मागे फिरलं नाही.

"ओत तू," कलाबाई म्हणाली. "राजू, घट्ट धर."

रूळ बगिच्याच्या पलीकडेच होते. आधी झाडांची पानं हलली, मग पायाखालची जमीन, आणि मग सब्बल दोघांच्या हातांत गुरगुरू लागली.